विलन म्हणजे शेतावर राबणारा

मला बघायला गोंदियाजवळच्या कुडव्याहून माणसं आली तेव्हा मी इंग्रजी घेऊन एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. साल १९९९. आमचं गाव चोरखमारा तलावाच्या कालव्यावर. त्या वर्षी तलावात पाणी बरं होतं म्हणून उन्हाळी धान लावले होते, आणि बाबा सकाळपासून बांधीत, धानाच्या वाफ्यात, पाणी फिरवत होते. पाहुणे येणार म्हणून ते मधूनच घरी आले, हातपंपावर पाय घासून धुतले आणि ठेवणीतला पांढरा पायजमा घातला. तरी नखांतला चिखल निघाला नव्हता.

मुलगा बँकेत होता. त्याच्याबरोबर त्याची आई होती आणि मोठे काका-काकू होते. सगळं काकांच्याच तंत्रानं चालणार हे जीपमधून उतरतानाच कळलं. मुलाची आईसुद्धा त्यांनी खूण केल्यावर बसली. काका इंग्रजी शिकवत आणि हेडमास्तर म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. गोंदियात त्यांचं नाव होतं. आमच्या नात्यात त्यांना नुसतं 'सर' म्हणत. ते आमच्यातलेच, आमच्याच विहारात वंदनेला बसलेले. त्यांच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत धानाचा रोवणा केला हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सर शिकून एवढे मोठे झाले याचा सगळ्यांना अभिमानही होता. मलाही होता. खरं सांगायचं तर मुलाला बघण्यापेक्षा सरांशी इंग्रजीत बोलायला मिळेल याचीच मला जास्त हुरहूर होती.

नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का, हे काकूंनी विचारून झालं. पोहे झाले. सरांनी कप बशीवर ठेवला आणि इंग्रजीत विचारलं, "विलन हा शब्द कुठून आला, सांगू शकशील?"

मी म्हटलं, "विलन म्हणजे खलनायक."

"अर्थ नाही विचारला. मूळ विचारलं."

मला माहीत नव्हतं. शब्दांना मूळ असतं आणि ते कुठं लिहून ठेवलेलं असतं, हेच मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही गाईड वाचून पास होणारी पोरं. 

सरांनी थोडा वेळ जाऊ दिला. मग वर्गात सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून, इंग्रजीतच सांगितलं. व्हिला म्हणजे जमीनदाराचं शेतावरचं घर. त्या शेतावर राबणारा गडी तो विलन. गावंढळ, अडाणी, मळका. म्हणून पुढं त्याचा अर्थ बदमाश असा झाला. एवढं सांगून त्यांनी उजव्या हाताचं बोट बाबांकडं केलं आणि म्हणाले, "लाइक अवर होस्ट हिअर." आपल्या या यजमानांसारखा.

काकू हसल्या. काकू हसल्या म्हणून मुलाची आई हसली. मुलगा कपात बघून हसला. आणि सगळ्यांत मोठ्यानं बाबा हसले. हात जोडून, मान हलवून, "बरोबर हाय सर, बरोबर हाय. च्या आणू का आखीन?" असं म्हणत.

मी ट्रे उचलून आत गेले. चुलीपाशी आई विचारत होती, "कायले हसून रायले व सारे?" मी म्हटलं, "काही नाही. विनोद केला सरांनी."

त्या दिवशी मी रडले वगैरे नाही. बाबांना इंग्रजी येत नाही, ते कशाला हसत होते हे त्यांनाच कळलं नाही, ही गोष्ट मात्र डोक्यातून गेली नाही. माणसाला तोंडावर शिवी द्यायची आणि ती त्याला कळत नाही याची मजा वर चारचौघांत घ्यायची. तेही त्याच्याच अंगणात, त्याच्याच घरचा चहा पिऊन.

मध्यस्थ माझे मोठे मामा होते. चार दिवसांनी तेच निरोप घेऊन आले. "पोट्टी चांगली हाय म्हनते. पन इंग्रजी कच्ची हाय म्हनते." हे वाक्य नात्यात फिरलं. पुढं दोन-तीन ठिकाणांहून विचारणा झाली, तर तिथंही आधी हेच विचारलं गेलं: एम.ए. इंग्रजी, पण इंग्रजी कच्ची म्हणे? एका बाईंनी तर आईला सांगितलं, कच्च्या इंग्रजीपेक्षा पक्कं मराठी घेतलं असतं तर बरं झालं असतं.

कॉलेजच्या लायब्ररीत एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. प्रत्येक शब्दाखाली तो कुठून आला, आधी त्याचा अर्थ काय होता, कधी बदलला, हे बारीक अक्षरांत दिलेलं. घरी न्यायची परवानगी नव्हती. मी तिथंच उभी राहून पहिला शब्द काढला तो विलन. सर खोटं बोलले असावेत असं मला फार वाटत होतं.  पण ते खरं निघालं. लॅटिनमधला शेतगडी, फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि बदमाश झाला. सरांनी सांगितलं होतं ते अक्षरन् अक्षर बरोबर होतं.

त्यामुळं राग कमी व्हायला हवा होता. वाढला. कारण मग मी त्याच्यासारखे शब्द बघायला लागले. बूर म्हणजे असंस्कृत माणूस; मूळचा शेतकरी. चर्लिश म्हणजे उद्धट. चर्ल म्हणजे खालच्या दर्जाचा साधा गावकरी. नेव्ह म्हणजे लबाड. मूळचा पोरगा, मग घरचा नोकर, मग लबाड. हसी म्हणजे चवचाल बाई. मूळ शब्द हाउसवाइफ, घर सांभाळणारी. स्पिन्स्टर म्हणजे सूत कातणारी, आणि पुढं लग्न न झालेली. हा शब्द वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आणि जेंटल म्हणजे? मूळचा चांगल्या घराण्यातला. तो मात्र सभ्य झाला, मऊ बोलणारा झाला. जे राबत होते त्यांच्या नावांच्या शिव्या झाल्या, आणि जे बसून खात होते त्यांच्या नावाचं कौतुक झालं. गोंदियात दुकानदार आमच्या आईला "ए देहाती" म्हणून हाक मारायचा. तो शब्द मला आता त्या शब्दकोशातल्या बारीक अक्षरांत दिसायला लागला.

ठरवून टाकलं. सरांना चारचौघांत, त्यांच्याच विषयात, त्यांच्याच शब्दांनी पाडायचं. मुलगा नको होता, स्थळ नको होतं. हे एवढंच हवं होतं.

एम.ए. झालं, बी.एड. झालं, आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका शाळेत मला नोकरी लागली. शाळेच्या मागून आमच्याकडच्या प्रतापगडाची टेकडी दिसायची. उरुसाच्या दिवसांत पोरं वर्गात कमी आणि तिकडं जास्त. नागपूरला जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला तोच शब्दकोश सापडला, पुठ्ठा सुटलेला. तो माझ्या टेबलावर आला. सकाळी पोळ्या लाटायच्या आधी मी रोज त्याची काही पानं वाचायचे. लोक पूजा करतात तसं. पूजा करणारे काय मागतात माहीत नाही, मी त्या म्हाताऱ्याचा अपमान मागायचे.

लग्नही झालं. माझ्याच शाळेत गणित शिकवणारे गृहस्थ, शांत, मोटारसायकल हळू चालवणारे. मी त्यांना पहिल्या महिन्यातच सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "लगन माह्यासंगं केलं अन् सकाळी उठून आठवतेस त्याले?"

"त्यांचं काम झालं की नाही आठवणार."

"अन् झालं नाई तं?"

मी शब्दकोशाचं पुढचं पान उलटलं.

बाबांशी मात्र मी त्या दिवसाबद्दल कधी बोलले नव्हते. एकदा ते आमच्याकडं राहायला आले होते. टेबलावरचा शब्दकोश बघून म्हणाले, "एवढं जाड बुक कायले वाचतेस?" मी म्हटलं, शब्द कुठून आले ते यात असतं. ते थोडा वेळ पानं चाळत राहिले. मग म्हणाले, "त्यात विलन असल."

मी हातातली वाटी खाली ठेवली.

"बाबा, तुम्हाला कळलं होतं?"

"विलन समजते व मले. सिनेमातला. अन् बोट त् माह्याकडंच होतं."

"मग हसले काऊन?"

"तुही सोयरीक मोडू नाई म्हनून," बाबा म्हणाले. "मी मुकाट बसलो असतो त् त्यानं म्हटलं असतं, पोट्टीचा बाप तोऱ्याचा हाय. हसलो. तरी मोडलीच."

एवढं बोलून ते आंघोळीला गेले.  इतकी वर्षं मी त्यांना न कळलेल्या अपमानासाठी चिडले होते. ते तर कळून हसले होते. माझ्यासाठी हसले होते. पाहुणे आले त्या दिवसापासून माझ्या डोक्यात सरांना माफी नव्हतीच, आता घाईही झाली.

संधी चालून आली. इंग्रजी शिक्षकांचं प्रशिक्षण गोंदियाला असायचं. त्यात एक व्याख्यान ठरलेलं: 'इंग्रजी शब्दांच्या मनोरंजक जन्मकथा'. व्याख्याते, कुडव्याचे निवृत्त हेडमास्तर. पहिल्यांदा मी गेले तेव्हा मागच्या रांगेत बसले आणि नुसतं ऐकलं. सर म्हातारे झाले होते, पण आवाज तोच. एकेक शब्द सुटा करून बोलायची सवयही तीच. जुने, कोणी न वापरणारे शब्द फळ्यावर लिहायचे, कोणाला तरी उभं करायचं, त्याला येत नाही म्हटल्यावर थोडा वेळ जाऊ द्यायचा, आणि मग सांगायचं. शिक्षक हसायचे. उभा राहिलेला माणूस कान लाल करून बसायचा.

आणि त्यातल्या कितीतरी गोष्टी खोट्या होत्या. मी ऐकत होते आणि आतून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. विलनच्या बाबतीत सर खरे होते, पण बाकी जन्मकथा त्यांनी कुठल्या तरी गमतीच्या पुस्तकातून उचलल्या होत्या. कधी पडताळल्या नव्हत्या. त्या वर्षी मी तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर शब्दकोश काढला, आणि पुढचं वर्षभर तयारी केली.

पुढच्या वर्षी मी पहिल्या रांगेत बसले. माझ्या यजमानांनी, म्हणजे नवऱ्यानं, विचारलं होतं, "सोडून देतेस का हे सारं?" मी त्यांना म्हटलं होतं, "गेटपाशी थांबा."

सरांनी फळ्यावर न्यूज लिहिलं. नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. चारी दिशांकडून येते ती बातमी. "किती सुंदर!" असं स्वतःच म्हणाले. शिक्षकांनी माना डोलावल्या.

मी उभी राहिले. "सर, एक शंका आहे."

"विचारा."

"जुन्या पुस्तकांत हा शब्द एन-ई-डब्ल्यू-ई-एस असा लिहिलेला सापडतो. त्यात एक 'ई' जास्त आहे. ती कोणती पाचवी दिशा?"

हॉलमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. सर माझ्याकडं बघत राहिले. त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

"तुमचं म्हणणं काय, मॅडम?"

"न्यू म्हणजे नवं. नव्या गोष्टी म्हणजे न्यूज. एवढंच आहे. दिशांची गोष्ट कोणीतरी नंतर बनवली."

सर हसून म्हणाले, "असेल. पुढं जाऊ." त्यांनी पॉश काढला. बोटीच्या श्रीमंत प्रवाशांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', म्हणजे जाताना डावी बाजू, येताना उजवी बाजू, यांची पहिली चार अक्षरं छापलेली असत, त्यावरून पॉश. मी पुन्हा उभी राहिले. "सर, असं एक तरी तिकीट कोणी बघितलंय का? लोकांनी खूप शोधलं. सापडलं नाही." मग सिन्सिअर आला. खोटे शिल्पकार दगडाच्या भेगा मेणानं बुजवत, आणि प्रामाणिक शिल्पकार 'सिने सेरा', म्हणजे लॅटिनमध्ये 'बिनमेणाचा', पुतळा विकत, म्हणून सिन्सिअर. मी म्हटलं, "लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ स्वच्छ, शुद्ध. मेणाला पुरावा नाही. सर, तुमच्या या सगळ्या कथा म्हणजे नुसती अतिशयोक्ती, नुसतं हायपरबोल आहे."

आणि तिथं मी घसरले. सरांचा चेहरा उजळला.

"हायपर्बली!" ते म्हणाले. "मॅडम, हायपर्बली! शब्द वाचलाय, ऐकला नाही कधी. खेड्यातल्या शाळेत असता का?"

सगळा हॉल हसला. माझ्या शेजारची बाईसुद्धा हसली. मी इतके शब्द पुस्तकातून शिकले होते, ते उच्चारून दाखवणारं माझ्याभोवती कोणी नव्हतं, हे खरंच होतं.  गेटपाशी थांबलेल्या मोटारसायकलची आठवण झाली. पण बाबांचं हसणंही आठवलं. मी बसले नाही.

सरांना वाटलं, आता एक शेवटचा टोला. "अशा लोकांसाठी इंग्रजीत एक सुंदर जुना शब्द आहे," ते म्हणाले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. अल्ट्राक्रेपिडेरियन. "मॅडमनी तो घरी जाऊन शोधावा."

"घरी जायची गरज नाही सर," मी म्हटलं. "स्वतःला ज्यातलं कळत नाही त्यात बोलणारा. लॅटिनमधल्या म्हणीवरून आला. गोष्ट सांगू का?"

 मी हॉलकडं वळून सांगितली. जुन्या काळचा एक चित्रकार आपलं चित्र रस्त्यावर मांडायचा आणि लोक काय बोलतात ते मागं लपून ऐकायचा. एक चांभार म्हणाला, चपलेचा बंद चुकलाय. चित्रकारानं तो दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी चांभार म्हणाला, पायही चुकलाय. तेव्हा चित्रकार बाहेर आला आणि ओरडला, चांभारानं चपलेच्या वर बोलू नये.

"ही गोष्ट चित्रकाराच्या बाजूनं सांगतात," मी म्हटलं. "पण सर, पाय चुकला होता का, ते कोणीच सांगत नाही. चित्रकारानं पाय बघितलाच नाही. बोलणाऱ्याचा धंदा बघितला."

आता कोणी हसलं नाही. मागच्या रांगांतले लोक वर होऊन बघायला लागले.

"आता मी एक विचारू? पेडॅगॉग म्हणजे शिक्षक. तो शब्द कुठून आला?"

"ग्रीकमधून," सर म्हणाले. "पोराला नेणारा."

"अर्थ बरोबर आहे. पण नेणारा कोण होता?"

सरांनी फळ्याकडं बघितलं. त्यांना माहीत नव्हतं. मी थोडा वेळ जाऊ दिला. अगदी तेवढाच, जेवढा ते द्यायचे.

"गुलाम होता सर. मालकाच्या पोराला शाळेत पोचवणारा घरातला गुलाम." मग मी उजव्या हाताचं बोट त्यांच्याकडं केलं, आणि इतकी वर्षं मनात घोटलेलं वाक्य बोलले, "लाइक अवर गेस्ट हिअर."

आधी दोघं-तिघं हसले. मग हॉल हसला. ज्यांना त्यांनी आजवर उभं करून बसवलं होतं ते सगळे हसले. सर खुर्चीत बसले आणि पाण्याचा ग्लास उचलला, थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. प्रशिक्षण भरवणाऱ्या साहेबांनी घाईनं चहाची सुट्टी जाहीर केली.

मला वाईट वाटलं का? नाही. पोट भरून जेवल्यासारखं वाटलं.

चहाच्या वेळी मी त्यांच्याकडं गेले. ते एकटेच खिडकीपाशी उभे होते. म्हटलं, "सर, ओळखलं का? तुम्ही पुतण्यासाठी मला बघायला आला होता. चोरखमाऱ्याकडच्या गावाला."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "त्या वर्षी खूप ठिकाणी गेलो आम्ही. लक्षात नाही."

"तुम्ही विलनचं मूळ विचारलं होतं."

"ते मी सगळीकडंच विचारायचो."

"आणि बोट मुलीच्या वडिलांकडं करायचा?"

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. खोटं बोलत नव्हते ते. "हो, करत असेन," ते म्हणाले. "लोक हसायचे."

मी कप तसाच ठेवून बाहेर आले. माझा अपमान हा माझा एकटीचा आहे असं मी धरून चालले होते. तो तर त्यांनी गावोगाव वाटला होता. कितीतरी अंगणांत कितीतरी बाप हात जोडून हसले असणार, आणि या माणसाच्या लेखी तो चहाबरोबरचा एक विनोद होता. त्यातल्या एकाचीही त्याला आठवण नव्हती. गेटपाशी यजमान म्हणाले, "झालं काम?" मी मोटारसायकलवर बसले आणि म्हटलं, "अर्धं."

रविवारी गावी जाऊन बाबांना सांगितलं. ते शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसले होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बोट दाखवलंस?"

"दाखवलं."

"मंग?"

"लोक हसले."

"तो हसला का?"

"नाही."

बाबांनी खालच्या बांधीकडं बघत विडी पेटवली. "मी हसलो होतो व," ते म्हणाले. "त्याले नाई जमलं." त्यांच्या आवाजात जे होतं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. पाहुण्यांसमोर हसताना त्यांनी स्वतःला किती घट्ट धरून ठेवलं असेल, ते मला तिथं कळलं.

त्यानंतर सरांना प्रशिक्षणाला बोलावणं बंद झालं. साहेबांनी मलाच विचारलं, आणि मी तत्काळ हो म्हटलं. त्यांचा तास मी घेतला, त्याच फळ्यापाशी. कोणाला उभं केलं नाही, एवढा फरक. पण चालत जाऊन त्यांच्या जागी उभं राहताना मला जो आनंद झाला तो लपवण्यात अर्थ नाही.

सर पुन्हा भेटले ते दोन-तीन वर्षांनी. उन्हाळा लागला होता, शाळा सकाळची होती. शिपाई म्हणाला, कोणी म्हातारे तुम्हाला विचारतात. बघते तर ते. कुडव्याहून एसटीनं, गाडी बदलून, एकटे आलेले. हातात छत्री, खांद्याला पिशवी. मी शिक्षकांच्या खोलीत बसवलं.

इकडचं तिकडचं न बोलता ते म्हणाले, "मी घरी पोरांना शिकवतो. मागच्या महिन्यात एका पोरानं मोबाइलवर बघून सांगितलं, सर, पॉशची गोष्ट खोटी आहे. मी म्हटलं, माहीत आहे मला." मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही जो शब्दकोश वापरता, त्याचं नाव काय? मला घ्यायचाय. मोबाइलवर माझा विश्वास नाही. आयुष्यभर सांगितलं त्यातलं किती खोटं होतं, ते एकदा बघायचंय."

शब्दकोश मी हल्ली शाळेतच ठेवत होते, तो माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. काचेतून त्याची उसवलेली पाठ दिसत होती, पण त्यांची नजर अधू झाली होती. हात मागं केला असता तर लागला असता.

मी म्हटलं, "खेड्यातल्या शाळेतली बाई आहे मी सर. पुस्तकांची नावं लक्षात राहत नाहीत."

त्यांना कळलं. ते रागावले नाहीत. छत्री टेकून उठले आणि दारात वळून इंग्रजीत म्हणाले, "यू आर व्हेरी नाइस, मॅडम."

नाइस हा शब्द लॅटिनमधून आला तेव्हा त्याचा अर्थ होता, ज्याला काही ठाऊक नाही असा. अडाणी, मूर्ख. चांगला हा अर्थ फार पुढचा. त्यांनी जुना अर्थ घेतला की नवा, हे मला ओळखता आलं नाही. विचारणार नव्हतेच मी.

गाडीला वेळ होता. खिडकीतून बघितलं तर ते रस्त्यापलीकडं मोहाच्या झाडाखाली दगडावर बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. झाडाला तेव्हा पानं नव्हती, सावली नावापुरती. मी शिपायाला हाक मारून त्यांच्यासाठी तांब्याभर गार पाणी पाठवलं. ते पाणी त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरून प्यायलं आणि तो परत करताना शाळेकडं बघून मान हलवली.

पुस्तकाचं नाव मात्र मी पाठवलं नाही. कपाटाला कुलूप लावलं, खडू घेतला आणि आठवीच्या वर्गावर गेले. पोरांचा गलबला चालू होता, त्यात एसटी आली कधी आणि गेली कधी ते ऐकू आलं नाही.